पुढं एकच

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली
की मिलिंगचं मशीन अर्धा तास माझं.
मालक पोतदारांना ठाऊक आहे,
लाइट बिलापुरतं कुरकुरतात.

चोवीस वर्षं दुसऱ्यांचे दाते कापले:
पंपाचे, उसाच्या चरकाचे,
एकदा कुठल्याशा चर्चच्या घड्याळाचे.
सायकलचा एकही नाही.

सायकल म्हणजे निळी रोड बाइक,
टिळकवाडीच्या एका डॉक्टरांनी
घर आवरताना विकलेली.
पुढं दोन चक्रं, मागं अकरा.
बावीस गिअर म्हणायचे,
त्यातले सात-आठ एकमेकांची नक्कल.
आणि नेमका चढ लागला, पुढं बदलायला गेलं,
की साखळी उतरायची.
जांबोटीच्या रस्त्याला किती वेळा उभा राहिलोय
काळे हात घेऊन, पुसायला पान शोधत.

"तेगी," इरय्या म्हणाला. "काढ की ते एक."
शहापुरात त्याचं दुकान,
पाटी कन्नडात, शिव्या मराठीत,
हिशेब खडूनं फरशीवर.
मागची नवी कॅसेट आम्ही दोघांनी मिळून मोजली,
तो त्याच्या भाषेत, मी माझ्या.
लहान चक्र अकरा.
मोठं: नलवत्तेरडु, बेचाळीस.
दोघं एकदमच थांबलो.

मग पुढं किती?

मी चव्वेचाळीस म्हणालो.
सांब्र्याचा सपाट रस्ता डोळ्यापुढं होता,
वारा पाठीशी, उजवीकडं शेतं पळतायत.
वयही तेव्हा चव्वेचाळीसच. उगाच जुळवलं.
इरय्यानं खडू खाली ठेवला,
काही बोलला नाही.

तेहतीस भोकांच्या वर्तुळात
तीस-तीस भोकं मोजत
तीन संध्याकाळी कापलं.
सुरेख झालं होतं. अजून म्हणतो, सुरेख झालं होतं.

रविवारी राजहंसगड.
येळ्ळूर मागं पडलं, चढ उभा झाला,
मागं बेचाळीसवर साखळी आली,
त्याच्या पलीकडं काही नव्हतं.
गुडघा म्हणाला, बास.
गवताचा भारा घेतलेली बाई
मला मागं टाकून गेली,
वळणावर थांबून म्हणाली,
"बसूला घेतलास की ढकलूला?"

चाळीसला मोजणी लागत नाही.
डिव्हायडिंग हेडचा एक पुरा फेरा, एक दाता.
पुन्हा एक फेरा, पुन्हा एक दाता.
एकाआड एक जाड ठेवला, एक कानसून बारीक केला,
साखळीची कडी जशी, एक रुंद, एक अरुंद,
ज्याचं त्यात बसतं,
आता खड्ड्यातही उतरत नाही.

गेलं ते गेलंच, खोटं कशाला बोलू.
उतारावर पंचेचाळीसच्या पुढं
पाय नुसते रिकामे फिरतात,
पोरं घंटा वाजवत निघून जातात.
आणि हिंडलग्याच्या सपाटीवर
पंधराचं चक्र जड, सतराचं हलकं.
सोळा नाही.
सोळा मला रोज आठवतो.

चव्वेचाळीस इरय्यानं खिळ्याला टांगलंय.
गिऱ्हाइकानं किंमत विचारली तर सांगतो,
"तो साहेबांचा गर्व आहे. विकायचा नाही."

गडाच्या शेवटच्या वळणाला आता
पाय एक फेरा पुरा करतात
तेव्हा चाक जरासं मागं राहिलेलं असतं,
विसावा-एकविसावा हिस्सा.
तेवढी सवड पुरते.
तरी डावं बोट अजून जातं
जुन्या खटक्याकडं,
चाचपतं,
तिथं टेप गुंडाळलेली असते,
घामानं ओली.